१०,३६३ : जो थॉमस आणि डाव्या टोकाची जागा

एरीकाठ

क्रीडा विभागात सध्या अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकांवर, म्हणजे पास फेकणाऱ्यांवर, जोरदार चर्चा चालू आहे, रोज वाचतोय. मला मात्र फार दिवसांपासून अशा एका खेळाडूबद्दल लिहायचं आहे ज्याच्या नावावर एकही टचडाउन नाही आणि तरी ज्याचा ब्राँझचा पुतळा ओहायोतल्या कँटनमध्ये, या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. जो थॉमस. क्लीव्हलँड ब्राउन्स, जर्सी क्रमांक ७३, जागा लेफ्ट टॅकल.

मी २००९ मध्ये क्लीव्हलँडला आलो. तोवर अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांवर आदळतात आणि दर पाच सेकंदांनी खेळ थांबतो, एवढीच माझी समजूत. आमच्या शेजारच्या आजोबांकडे ब्राउन्सची वर्षभराची दोन तिकिटं होती. आजींना तळ्यावरची थंडी सोसेना, तशी दुसरी खुर्ची माझ्या वाट्याला आली. ज्यांनी ते स्टेडियम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते एरी सरोवराच्या अगदी काठावर आहे. नोव्हेंबरनंतर पाण्यावरून जो वारा येतो तो दोन स्वेटर आणि जाड कोट भेदून हाडांत शिरतो. हातमोज्यांत गरम होणाऱ्या पुड्या घालून बसायचं.

पहिल्या सामन्यात मी बॉल शोधत होतो आणि तो मला सापडतच नव्हता. शेवटी आजोबांनी दुर्बीण हातात दिली आणि म्हणाले, बॉल सोड, ७३ कडे बघ. तो काय करतो एवढंच पाहा.

मी पाहिलं. बॉल मागे जाण्याआधी तो गुडघे वाकवून, कंबर खाली टाकून उभा. बॉल हलला की डावा पाय मागे, उजवा त्याच्यापाठोपाठ घासत, पुन्हा डावा मागे. पाय कधी एकमेकांना ओलांडत नव्हते. खांदे समोरच. समोरून सव्वाशे किलोचा माणूस जिवाच्या आकांताने धावत यायचा आणि थॉमसचे तळवे त्याच्या छातीवर टेकायचे. एक हात आधी, दुसरा किंचित नंतर. तेवढ्यात तो माणूस जणू ओल्या वाळूत शिरल्यासारखा मंदावायचा. दोन-अडीच सेकंदांत मागे क्वार्टरबॅकने पास फेकलेला असायचा. स्टेडियम ओरडायचं, पण ते पास झेलणाऱ्यासाठी. ७३ परत रांगेत येऊन उभा.

या पायांच्या हालचालीला किक-स्लाइड म्हणतात. सहा फूट सहा इंच उंच, सुमारे १४० किलो वजनाचा माणूस मागे सरकत सरकत, पुढे धावून येणाऱ्यापेक्षा आधी योग्य जागी पोचतो, हे मला आजही नवल वाटतं. तुम्ही घरात उलटं चालून पाहा, मग कळेल.

जागेबद्दल थोडं. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांत पुढे पाच जणांची भिंत असते: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकण्यासाठी वळला की त्याची पाठ डावीकडे येते. तिकडून येणारा माणूस त्याला दिसत नाही. म्हणजे लेफ्ट टॅकल हा दुसऱ्या माणसाच्या पाठीचे डोळे असतो. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बचावातल्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमनला खाली आणलं तेव्हा थाइसमनचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. सोमवारची रात्र होती, सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. टेलरसारखे चपळ, ताकदवान खेळाडू आल्यावर डाव्या टोकाची किंमत सगळ्यांना कळली.

थॉमस विस्कॉन्सिनचा. जन्म ४ डिसेंबर १९८४, गाव ब्रुकफील्ड, मिलवॉकीजवळ. मॅडिसनच्या विद्यापीठात खेळताना गोळाफेक आणि थाळीफेकही करायचा. त्याच्या पायांच्या चपळाईचं निम्मं उत्तर मला तिथे दिसतं, कारण त्या छोट्या वर्तुळात एवढं शरीर वेगाने फिरवून तोल सांभाळणं हेच तर ते काम. जानेवारी २००६ मध्ये कॅपिटल वन बाउल या विद्यापीठांच्या सामन्यात माणसं कमी पडली म्हणून त्याला बचावात उभं केलं आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. व्यावसायिक लीगमध्ये जाणं वर्षभर लांबलं. परत आला आणि त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनमनला, म्हणजे पुढच्या भिंतीतल्या खेळाडूला मिळणारी आउटलँड ट्रॉफी जिंकला.

२००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या दिवशी, ब्राउन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या फळीतले खेळाडू त्या दिवशी नवा सूट घालून न्यूयॉर्कच्या मंचावर जातात. हा मात्र वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरायला गेला होता. होडीतच फोन आला.

मग अकरा वर्षं. ब्राउन्सचा त्या अकरा हंगामांचा हिशेब ४८ विजय, १२८ पराभव. त्याच्या काळात सहा मुख्य प्रशिक्षक आले आणि वीस वेगवेगळ्या क्वार्टरबॅकांनी सामना सुरू केला. पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गकडून ३४-७ असा मार खाल्ला आणि दोन दिवसांत त्या दिवशीचा क्वार्टरबॅक चार्ली फ्राय सिॲटलला पाठवला गेला. पुढच्या रविवारी डेरेक अँडरसन आला आणि सिनसिनाटीला ५१-४५ हरवलं. ते वर्ष १०-६ असं गेलं, दहा विजय, सहा पराभव. शेवटच्या दिवशी टेनेसीने इंडियानापोलिसला हरवलं म्हणून ब्राउन्स प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या उंबरठ्यावरून परतले. त्यानंतर उंबरठाही दिसला नाही. थॉमस आयुष्यात एकही प्लेऑफ सामना खेळला नाही.

आणि या सगळ्यात त्याने काय केलं? बॉल मागे देऊन प्रत्येक खेळ सुरू होतो, त्याला स्नॅप म्हणतात. पहिल्या सामन्याच्या पहिल्या स्नॅपपासून तो मैदानावर होता आणि बाहेर गेलाच नाही. १६७ सामने, सलग १०,३६३ स्नॅप. दर सामन्याला सरासरी ६२ वेळा तो खाली वाकला, मागे सरकला, धडक घेतली, उठला. पहिल्या दहाही हंगामांत प्रो बाउल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली, सहा वेळा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात नाव.

२२ ऑक्टोबर २०१७. टेनेसीविरुद्ध घरचा सामना. मी आणि आजोबा होतो. तिसरं सत्र. साधा धावण्याचा खेळ होता, ढीग पडला, सगळे उठले, ७३ उठला नाही. डावा हात धरून तो तसाच पडून होता. आजोबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि मांडीवर ठेवली. आमच्या रांगेत बाकी सगळे उभे राहिले होते. ट्रायसेप्सचा स्नायू फाटला होता. १०,३६३ व्या स्नॅपवर तो बाहेर गेला, आणि पुढच्या स्नॅपला डाव्या टोकाला दुसराच क्रमांक उभा राहिलेला पाहिला तेव्हा मला एकदम मैदान ओळखीचं वाटेना. सामना १२-९ असा हरलो, जादा वेळेत.

मार्च २०१८ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. यावर तुमचं म्हणणं वाचायला आवडेल. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांनीही विचारा.

खडकमाळ

फार सुंदर लिहिलंय. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण शेवटपर्यंत वाचलं. ‘दुसऱ्या माणसाच्या पाठीचे डोळे’ हे डोक्यात राहिलं.

निशिगंध

छान धागा. एक शंका. क्वार्टरबॅक डावखुरा असला तर?

एरीकाठ

@निशिगंध, मग पाठ उजवीकडे येते आणि राइट टॅकलचं काम तेवढंच जोखमीचं होतं. मायामीचा टुआ टॅगोव्हायलोआ डावखुरा होता, त्याआधी मायकेल व्हिक, स्टीव्ह यंग. पण डावखुरे फार थोडे. आणि आताशा बचाववाले आपला सगळ्यात चांगला हल्लेखोर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, दोन्हीकडून सोडतात, त्यामुळे उजव्या टोकाचा भावही वाढलाय.

कोपरारक्षक

धाग्याचं नाव बघून आलो आणि वाचून अंगावर काटा आला. मी सांगलीकडे कबड्डी खेळलो, जिल्ह्यापर्यंत. डावा कोपरा. तुम्ही जी उभं राहण्याची पद्धत सांगितली ती वाचताना माझे गुडघे आपोआप वाकले. आमचे सर म्हणायचे, चढाईवाल्याच्या डोळ्यांत बघू नको, तो डोळ्यांनी फसवतो. कंबर बघ, कंबर खोटं बोलत नाही. तिकडेही असंच असतं का?

दुसरं म्हणजे आमच्यात कोपऱ्याने पायाची पकड केली तर टाळ्या पडतात. हा तर पकडतही नाही, नुसता अडवतो. पकडलं तर काय होतं?

एरीकाठ

@कोपरारक्षक, तुमच्या सरांचं म्हणणं इथेही जसंच्या तसं लागू आहे. लाइनमनना छातीच्या खालचा भाग बघायला शिकवतात. हल्लेखोर खांदे डावीकडे टाकतो, मान वळवतो, हात फिरवतो, पण कंबर गेल्याशिवाय तो कुठेच जाऊ शकत नाही.

पकडीचा नियम असा. दोन्ही हात समोरच्याच्या खांद्यांच्या रुंदीच्या आत, छातीवर असतील तर चालतं. तो निसटून बाजूने जायला लागला आणि तुम्ही जर्सी धरून ओढलं, गळ्यात हात टाकला, मागून कवळा घातला, की पिवळा रुमाल पडतो. होल्डिंग. दहा यार्ड मागे. बॉल निघण्याआधी नुसते हललात तरी पाच यार्ड. म्हणजे हल्लेखोराला हवं ते करण्याची मुभा, आणि याने मात्र बॉल निघेपर्यंत न हलता, मग मागे सरकत, न पकडता त्याला थोपवायचं. परक्या मैदानावर सत्तर हजार लोकांच्या ओरड्यात क्वार्टरबॅकचा आवाजही ऐकू येत नाही, तेव्हा डोळ्यांच्या कडेने बॉल हललेला बघून निघावं लागतं.

थॉमसची खासियत हातांची. पुष्कळ टॅकल दोन्ही हात एकदम मारतात. ते चुकले की सगळा तोल पुढे जातो. तो हात सुटे वापरायचा. एक हात हुलकावणीला, दुसरा नेम धरून. आणि तो दर वेळी मागेच सरकायचा नाही. मधूनच बॉल निघाल्या निघाल्या पुढे उडी मारून हल्लेखोराला दुसरं पाऊल टाकायच्या आत गाठायचा. समोरच्याला कधीच कळायचं नाही या वेळी काय येणार.

कोपरारक्षक

समजलं. म्हणजे चढाईवाल्याला चवडा टेकायच्या आत गाठणं. आज संध्याकाळी सामन्याची चित्रफीत शोधून बघतो, फक्त ७३.

सह्यवाट

लेख चांगला आहे, भावनाही पोचल्या. पण मला थोडं वेगळं मांडायचं आहे. २०११ मध्ये त्याला सात वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार मिळाला होता. एवढे पैसे मिळत असताना संघ हरतोय तरी राहण्यात निष्ठा ती काय? आणि हरणाऱ्या संघात एक खेळाडू कितीही चांगला असला तरी शेवटी खेळ जिंकण्यासाठीच असतो. १०,३६३ हा आकडा मोठा, पण तो हजेरीपटाचा आकडा आहे. तो अधिकृत विक्रम तरी आहे का? टोकाचं वाटलं तर माफ करा, पण मनापासून विचारतोय.

एरीकाठ

@सह्यवाट, माफी कसली, प्रश्न योग्य आहे.

आधी आकड्याचं. लीगमध्ये प्रत्येक खेळाडूचे स्नॅप मोजायला १९९९ पासून सुरुवात झाली. त्यानंतरच्या नोंदीत इतकी अखंड मालिका दुसऱ्या कोणाची नाही. त्याआधीचं मोजलेलंच नाही.

पैशाचं म्हणणं मान्य. त्याने त्याग केला असं मी म्हणणार नाही. तो त्याच्या कामाचा उत्तम मोबदला घेत होता. पण २०१५ चा नोव्हेंबर आठवा. अदलाबदलीची मुदत संपण्याच्या दिवशी त्याला डेन्व्हरला देण्याची बोलणी जवळजवळ ठरत आली होती. शेवटच्या घटकेला फिस्कटली. डेन्व्हरने त्याच हंगामात कॅरोलायनाला २४-१० हरवून पन्नासावा सुपर बाउल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला. हा इकडे ३-१३ असा हंगाम संपवत होता. पुढचं वर्ष १-१५. त्याच्या पुढचं ०-१६.

या वर्षांतही तो तसाच खेळला, माझा मुद्दा एवढाच आहे. हजेरीपट म्हणालात ना, हजेरी लावून जागेवर झोपणारे मी नोकरीत खूप पाहिलेत. डिसेंबरात, ०-१४ असताना, कोणी बघत नसताना, तिसऱ्या सत्रातल्या एका निरर्थक धावेवर पाय बरोबर टाकणं वेगळं. मी ते दुर्बिणीतून पाहिलंय. २४ डिसेंबर २०१६, सॅन डिएगो चार्जर्स. आम्ही त्या दिवसापर्यंत सगळे चौदा सामने हरलो होतो. नाताळची संध्याकाळ, घरी जेवण थांबलेलं. आमच्या जेमी मीडरने हात वर करून एक किक अडवली, शेवटची किक चार्जर्सची चुकली, २०-१७. वर्षातला एकमेव विजय. लोक रडत होते. माझ्या लक्षात मात्र त्या सामन्यातली ७३ ची पावलं राहिली. सप्टेंबरात पाहिली होती तशीच.

पुढचा विजय थेट २० सप्टेंबर २०१८ ला आला, न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध २१-१७. तोवर तो निवृत्त झालेला होता.

सह्यवाट

तुमचा मुद्दा कळला. डेन्व्हरचं मला माहीत नव्हतं. तरी मला वाटतं की व्यवस्थापनाने असा माणूस अकरा वर्षं असताना त्याच्याभोवती संघ उभा केला नाही, हा खरा अन्याय. त्यावरही लिहायला हवं.

एरीकाठ

पूर्ण सहमत. २००७ ते २०१७ मध्ये दर दोन वर्षांनी नवा प्रशिक्षक, नवी पद्धत, नवा क्वार्टरबॅक. लाइनमनला हे फार जड जातं, कारण प्रत्येक क्वार्टरबॅक वेगळ्या खोलीवर उभा राहतो, वेगळ्या वेळेला पास सोडतो. कोणी बॉल हातात धरून चार-चार सेकंद रेंगाळतो. तो नक्की कुठे उभा आहे हे टॅकलला मागे वळून बघता येत नाही, ते सरावाने अंगात भिनवावं लागतं. वीस जणांचं वीस वेळा भिनवायचं.

आणि या गावाचं दुःख त्याहून जुनं आहे. १९९५ मध्ये मालकाने अख्खा संघच बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा केली. तीन वर्षं गावात संघच नाही. १९९९ मध्ये नवा संघ मिळाला, नाव तेच, बिनचित्राचं नारिंगी हेल्मेट तेच. आजोबा त्या तीन वर्षांबद्दल बोलत नाहीत. ज्या गावाला एकदा सोडून गेलेत, त्या गावाला न जाणाऱ्या माणसाची किंमत वेगळी असते.

चाफेकळी

इतके दिवस नुसती वाचत होते, आज खास लिहायला आले. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा नववीत आहे, अंगाने थोराड, वडिलांच्या वळणावर गेलाय. ऑगस्टमध्ये शाळेच्या फुटबॉल संघात गेला आणि प्रशिक्षकांनी त्याला टॅकल केलं. तो खूश आहे. मी मात्र घाबरलेली आहे. एक तर मार लागेल याची भीती, दुसरं म्हणजे त्याला बॉल कधीच मिळत नाही. नवरा म्हणतो, जाड मुलांना तिथे टाकतात. ते ऐकून मुलाचा चेहरा पडला होता. तुमचा लेख मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याला मराठी वाचायला अवघड जातं, ऐकायला नाही.

डोक्याच्या माराबद्दल कोणी जाणकार सांगेल का? खरं काय ते सांगा, धीर देण्यासाठी नको.

स्टेथो

@चाफेकळी, मी मेंदूविकारतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून लिहितो.

या विषयाची सुरुवातच एका लाइनमनपासून झाली. माइक वेब्स्टर, पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, चार सुपर बाउल जिंकलेला. १९७४ ते १९९० खेळला. निवृत्तीनंतर स्मृती गेली, घर-संसार विस्कटला, २००२ मध्ये ५० व्या वर्षी वारला. पिट्सबर्गमध्ये त्याचं शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू यांनी मेंदूचे काप तपासले आणि त्यात टाउ या प्रथिनाचे साठे दिसले. २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या विकाराला सीटीई म्हणतात आणि त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

लाइनमनच्या बाबतीत अडचण अशी की त्याला भोवळ आणणारा एखादा मोठा मार लागतोच असं नाही. प्रत्येक स्नॅपला छोटी धडक. वर दिलेला १०,३६३ हा आकडा मी वाचला तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार तोच आला. थॉमसने स्वतःही खेळत असतानाच सांगितलं होतं की आपल्याला विसरायला होतंय. हे त्याने लपवलं नाही याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

तुमच्या मुलासाठी चार गोष्टी विचारा. सरावात आठवड्यातून किती दिवस पूर्ण अंगाने धडका होतात? मैदानावर प्रशिक्षित ट्रेनर हजर असतो का? डोकं खाली घालून न जाता हातांनी अडवायला शिकवतात का? आणि डोकं दुखतंय असं मुलाने सांगितलं तर त्याला हिणवलं जातं की बाहेर बसवलं जातं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलाकडून घ्या, प्रशिक्षकाकडून नको.

चाफेकळी

मनापासून आभार, डॉक्टर. चारही प्रश्न लिहून घेतले.

अंबाडी

वजनाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझे आजोबा कोल्हापुरात तालमीत होते. त्यांच्या खुराकाच्या गोष्टी ऐकत मोठी झाले, दूध, तूप, बदामाची थंडाई. पण घरातल्या बायकांना जे आठवतं ते पुढचं. कुस्ती सुटली, व्यायाम सुटला, भूक सुटली नाही. नंतरची वीस वर्षं गुडघे, साखर आणि दम यांत गेली. हे लाइनमन लोक निवृत्तीनंतर काय करतात?

एरीकाठ

@अंबाडी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. थॉमसने याबद्दल मोकळेपणाने सांगितलंय. दिवसभर दर दोन तासांनी खायचं, झोपण्याआधीही भरपूर. नाही खाल्लं तर वजन उतरायचं आणि समोरचा माणूस त्याला मागे ढकलायचा. भूक लागली म्हणून नाही, कामाचा भाग म्हणून खायचं. निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच त्याने वीस किलोहून जास्त वजन उतरवलं. पोहणं, सायकल, पिठूळ पदार्थ बंद. त्याचे आताचे फोटो पाहिले तर पहिल्यांदा ओळखूच येत नाही.

पिट्सबर्गचा गार्ड ॲलन फॅनेका तर निवृत्तीनंतर चाळीसेक किलो उतरवून न्यू ऑर्लिन्सची मॅरेथॉन पळाला. पण सगळ्यांना हे जमत नाही. तुमच्या आजोबांसारखे इथेही पुष्कळ आहेत.

अंबाडी

म्हणजे अंगही भाड्याने घेतलेलं आणि परत करायचं. आईला वाचून दाखवते हे.

खडकमाळ

कोणी हॉल ऑफ फेमला गेलंय का? पुढच्या वर्षी मुलीकडे कोलंबसला येतोय.

एरीकाठ

@खडकमाळ, जरूर जा. कँटन आमच्यापासून तासाभरावर, कोलंबसहून दोनेक तास. थॉमसला निवृत्तीनंतर पाच वर्षं पूर्ण होताच, पहिल्याच संधीला, २०२३ मध्ये घेतलं. त्या ऑगस्टमधला उद्घाटनाचा सामनाही ब्राउन्स आणि जेट्सचाच होता. ब्राउन्सच्या एवढ्या पडत्या काळातला माणूस पहिल्या फटक्यात आत गेला.

आत गेलात की पुतळ्यांचं दालन आहे, अंधारलेलं, प्रत्येक चेहऱ्यावर वरून उजेड. मी आजोबांना घेऊन गेलो होतो. त्यांनी तिथे ७३ समोर बराच वेळ काढला आणि मग शेजारच्या बाकावर बसून चष्मा पुसत राहिले. आता त्यांना स्टेडियमच्या पायऱ्या चढवत नाहीत. दुर्बीण त्यांनी मला दिली आहे.

क्लीव्हलँडला आलात तर स्टेडियममध्येही बघा. थॉमसच्या नावाबरोबर तिथे १०,३६३ हा आकडा लावलाय.

कोपरारक्षक

बघितला! २०१४ चा पिट्सबर्गविरुद्धचा सामना मिळाला. पहिली दहा मिनिटं डोळे सारखे बॉलकडे पळत होते, मग स्थिरावले. एका ठिकाणी हल्लेखोर गिरकी घेऊन आतून शिरायला बघतो आणि थॉमस नुसता उजवा पाय जमिनीत रोवून कंबर त्याच्या वाटेत ठेवतो. हात लावायची गरजच पडत नाही. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. बायको म्हणाली, काय चाललंय. तिलाही दाखवलं.

चाफेकळी

परत आले, सांगितल्याशिवाय राहवेना. शुक्रवारी शाळेचा सामना झाला. आधी प्रशिक्षकांना डॉक्टरांचे तीन प्रश्न विचारले, उत्तरं नीट मिळाली. ट्रेनर बाई मैदानावर होत्या, त्यांच्याशीही बोलले. चौथा प्रश्न गाडीत मुलाला विचारला. तो म्हणाला, मागच्या आठवड्यात एकाचं डोकं दुखत होतं तर त्याला घरीच पाठवलं.

मग मी ठरवून फक्त ६६ कडे, म्हणजे आमच्या मुलाकडे बघत बसले. पहिल्या वेळी तो उशिरा हलला आणि समोरच्या मुलाने त्याला आडवा केला. मी उठून उभी राहिले, नवऱ्याने हात धरून बसवलं. पुढच्या वेळी तो जागेवर टिकला. त्याच्या पुढच्या वेळी पण. एकदा दोघंही पडले आणि त्याने आधी उठून त्या मुलाला हात दिला. तेवढ्यात सगळे ओरडायला लागले, आमचा टचडाउन झाला होता. कोणी केला ते मी पाहिलंच नाही. नवऱ्यालाही माहीत नव्हतं, तोही ६६ कडेच बघत होता.

रात्री जेवून झाल्यावर मुलाने स्वयंपाकघरातली खुर्ची बाजूला सरकवली आणि मोजे घालून फरशीवर दाखवलं, आई, हा पाय आधी, हा मग, क्रॉस नाही करायचा. आता तू माझ्यावर धावत ये.